दोरीवरची भिंत

कपाट पुढे ओढलं आणि खालच्या खणातून दिवाळी अंकांचा गठ्ठा काढायला गेले, तर हातात आली वीट. आठ-नऊ अंक एकमेकांना चिकटून, फुगून, कडेनं हिरवे-काळे होऊन एकजीव झाले होते. वरचं मुखपृष्ठ सोलून पाहिलं, खाली नुसता लगदा. मग मागच्या भिंतीला हात लावला. रंगाला फोड आले होते, बोटानं दाबलं की पापुद्रा सुटून खाली पडायचा, आणि आतला गिलावा भिजवलेल्या रव्यासारखा. त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम.

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी दोन वर्षं सांगतेय, या खोलीला वास येतो."

सांगत होत्या खऱ्या. आम्ही त्याचं खापर पावसाळ्यावर, विश्वामित्रीवर, त्यांच्या वयावर, जे हाताशी येईल त्यावर फोडत होतो.

बडोद्यात दांडिया बाजारच्या मागच्या अंगाला आमचं घर. सासऱ्यांनी १९६४ साली बांधलं, तळमजला आणि वर एक मजला. तेव्हा मागच्या बाजूला न्हाणीघर होतं: शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, बसायला पाट. लग्न होऊन आले तेव्हा मीही त्या बंबात लाकडं घातली आहेत. अकरा वर्षांपूर्वी ते सगळं काढून आम्ही 'कन्सील' बाथरूम केलं. पाइप भिंतीत, नळ भिंतीत, बाहेर फक्त चकाकणारा भाग. कौतुक एवढं, की पाहुण्यांना चहाच्या आधी बाथरूम दाखवलं जायचं.

ओल कुठून येते ते शोधायला एकामागून एक चार प्लंबर आले. पहिला म्हणाला, जॉइंट गेलाय, भिंत फोडावी लागेल. दुसरा म्हणाला, पाइपच जुना झालाय, सगळा बदला. तिसऱ्यानं निदान एक शहाणपण केलं: रात्री टाकीत येणारं पाणी बंद केलं, आतल्या पाण्याच्या पातळीवर खडूनं रेघ मारली आणि घरातल्या सगळ्या तोट्या बंद ठेवायला सांगितल्या. सकाळी पाणी रेघेवरच होतं. म्हणजे पाइप गळत नव्हता. मग ओल कसली, ते मात्र त्याला सांगता आलं नाही. चौथा आला, त्यानं काहीच उघडलं नाही. शॉवरच्या डायव्हर्टरसमोर उकिडवा बसला, खिशातून स्वतःचं कार्ड काढलं आणि चकचकीत तबकडीच्या मागे सरकवलं. कार्ड अर्ध्याच्या वर आत गेलं.

डायव्हर्टर ज्यांनी फक्त बाहेरून पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. बाहेर दिसते ती एक गोल तबकडी आणि तिच्या मधोमध एक दांडी. खरी वस्तू भिंतीच्या पोटात: मुठीएवढं पितळी धड, त्याला चार तोंडं. डावीकडून गरम पाणी आत, उजवीकडून गार. वरच्या तोंडातून शॉवरकडे, खालच्यातून बादलीच्या तोटीकडे. धडाच्या आत कार्ट्रिज असतं आणि त्यात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात. भोकं जुळली की पाणी, सरकली की बंद. हे धड भिंतीत किती खोल बसवायचं याला मर्यादा आहे. खोल गेलं तर बाहेरची दांडी आणि तबकडी पोचत नाही, उथळ राहिलं तर ती भिंतीपासून सुटून लोंबते. म्हणून धडावर प्लास्टिकचं टोपण येतं आणि त्यावर दोन रेघा असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. टाइलचं तोंड या दोन रेघांच्या मधे कुठेतरी यायला हवं. बस, एवढंच.

आमचं धड खोल गेलं होतं. तबकडी धडापर्यंत पोचून आवळली जात नव्हती, म्हणून टाइलला घट्ट टेकत नव्हती, मधे फट होती. त्या वेळी कुणीतरी पांढरं सिमेंट भरून ती बुजवली असावी, ते वर्षा-दोन वर्षांत झडलं. त्यानंतर रोजच्या चार अंघोळी, प्रत्येक अंघोळीत तबकडीवरून ओघळून आत जाणारं दोन-चार चमचे पाणी. ते साडेचार इंची भिंतीतून पलीकडे कपाटापाशी पोचत होतं. पाइपातलं पाणी टाकीवर रेघ मारून पकडता येतं, हे कसं पकडणार?

मला त्या जुन्या प्लंबरचा राग यायला हवा होता. पण विचार केला तर त्याचा एकही जॉइंट अकरा वर्षांत पाझरला नव्हता. टाइल लावणाऱ्याचा राग यावा, तर त्याची भिंत आजही अशी सरळ, की आरशासारखी दिसते. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. प्लंबर आला तेव्हा भिंत उघडी वीट होती. त्यानं अंदाजानं धड बसवलं आणि गेला. आठवड्यानं टाइलवाला आला. भिंत ओळंब्यात नव्हती, म्हणून त्यानं गिलावा थोडा जाड मारून ती सरळ केली. त्या जास्तीच्या बोटभर गिलाव्याची प्लंबरला खबर नव्हती आणि धडावरच्या रेघांची टाइलवाल्याला. मधे घरमालक म्हणून आम्ही होतो. आम्ही टाइलचे रंग निवडत होतो.

तर आता पुन्हा फोडायचंच होतं. शिवाय सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, गुडघे गेलेले, मागच्या वर्षी बाथरूममध्ये एकदा घसरून बसल्या. बसून अंघोळ करता येईल, हाताशी हँडशॉवर असेल, पकडायला दांडा असेल, असं काहीतरी करायला हवं होतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "शॉवर-बिवर नको मला. पावसात उभं राहायला मी लहान आहे का? मला बादली, तांब्या आणि चकली पुरे."

बाहेरगावच्या वाचकांसाठी: बडोद्याच्या मराठीत नळाच्या तोटीला चकली म्हणतात, गुजरातीतून आलेला शब्द. माझी पुण्याची मावसबहीण पहिल्यांदा राहायला आली तेव्हा सासूबाईंनी तिला आतून ओरडून सांगितलं, "चकली नीट बंद कर गं, रात्रभर टपकते." ती बिचारी फराळाचा डबा शोधत राहिली.

दुकानात गेलो तर दुकानदारानं छतावर लावायचा फूटभर बाय फूटभर रेन शॉवर पुढे केला. ह्यांना तो फार आवडला. मी खोका उलटा करून वाचला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, पाण्याचा दाब किमान एक बार. आमच्या गच्चीवरच्या टाकीच्या तळापासून खालच्या बाथरूममधल्या शॉवरच्या तोंडापर्यंत उंची भरते सतरा फूट, म्हणजे सव्वापाच मीटरच्या आसपास. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार, प्लंबर त्यालाच एक किलो म्हणतात. म्हणजे आमच्याकडे जेमतेम अर्धा किलो, त्यातून पाइपाची वळणं आणि गिझर आपला वाटा काढून घेणार ते वेगळंच. त्या शॉवरखाली उभं राहिलं असतं तर गळक्या छपराखाली उभं राहिल्याचं सुख मिळालं असतं. दुकानदार म्हणाला, प्रेशर पंप लावा. पण मग वीज गेली की अंघोळही गेली. शिवाय पंपाची घरघर सासूबाईंच्या उशाशी. नको.

घरी येऊन हा हिशेब सासूबाईंना सांगितला तर त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. "आजव्याचं पाणी कसं यायचं मग? तिथे कोण पंप चालवत होतं?" आजव्याचा तलाव शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर. सयाजीराव महाराजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याचं पाणी नळानं बडोद्यात आलं. तलाव शहरापेक्षा उंचावर, म्हणून पाणी आपल्या वजनानंच उताराकडे चालत यायचं. जुन्या बडोदेकरांना उंची आणि दाब यांचं नातं कुणी शाळेत शिकवावं लागत नाही. पहाटे नळाची धार करंगळीएवढी झाली की वरच्या मजल्यावर पाणी चढणार नाही, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला कळतं. मग रेन शॉवरच्या खोक्याशीच आपण एवढे भोळे का होतो, देव जाणे.

शेवटी ठरलं ते असं: साधा हँडशॉवर, कमी दाबावर चालणारा, खाली बादलीची तोटी, आणि हाय-फ्लो डायव्हर्टर, म्हणजे ज्याची पाणी आत घेणारी तोंडं अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची असतात. दाब कमी असेल तर निदान वाट तरी रुंद हवी.

जागाही बदलली. जुना डायव्हर्टर मधल्या साडेचार इंची भिंतीत होता. तेवढ्या भिंतीत धड घालायचं म्हणजे निम्म्याहून अधिक वीट कोरावी लागते. छिन्नीचा एक घाव जास्त बसला की पलीकडे कपाटाच्या खोलीत उजेड. म्हणून या वेळी बाहेरची नऊ इंची भिंत निवडली. शिवाय तो शॉवरच्या बरोबर खाली नको, बाजूला हवा, हा माझा हट्ट. दांडी फिरवली की पहिलं पाणी गारच येतं; ते अंगावर न घेता फिरवता आलं पाहिजे. आणि उंची चौतीस इंच, स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात सहज पोचेल अशी. उभ्यानं अंघोळ करणाऱ्याला जरा वाकावं लागेल. वाकू दे.

प्लंबर मिळाला तो तोच चौथा, कार्डवाला. गुजराती, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याची सगळी उत्तरं दोन शब्दांत संपायची: "बेन, थई जशे." होऊन जाईल. मी विचारलं, गरम पाण्याला सीपीव्हीसीचाच, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचाच पाइप ना? थई जशे. डायव्हर्टरच्या अलीकडे दोन्ही लाइनींवर वेगळे कॉक लावाल ना, म्हणजे उद्या कार्ट्रिज बदलायचं झालं तर टाकी बंद करायला नको? थई जशे. आणि धडाची खोली? टोपणावरच्या रेघा?

"बेन, ए तो टाइलवाळो जोई लेशे." ते टाइलवाला बघून घेईल.

टाइलवाला राजस्थानचा. त्याला आदल्याच दिवशी माप घ्यायला बोलावलं होतं, तेव्हा त्यालाही मी हेच विचारलं होतं. तो म्हणाला होता, "आंटीजी, वो तो प्लंबर का काम है."

अकरा वर्षांपूर्वीचा तो बोटभर गिलावा मला या दोन वाक्यांच्या मधे लख्ख दिसला.

डायव्हर्टरसोबत आलेला माहितीचा कागद शोधला तर सापडेना. प्लंबरच्या पोऱ्यानं खोक्यासकट राडारोड्यात टाकला होता. विटांच्या तुकड्यांखालून काढला, झटकला. इंग्रजी, आणि तेही मुंगीच्या अक्षरात. आकृत्या मात्र स्वच्छ. आमच्याच गावात १८९० साली कलाभवन सुरू झालं, त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर. धंद्याचं शिक्षण लोकांच्या भाषेतून द्यावं हा त्यांचा आग्रह, आणि महाराजांचा पाठिंबा. दादासाहेब फाळके सिनेमा करण्याच्या कितीतरी आधी तिथेच शिकले. तो कागद हातात धरून मला वाटलं, गवंड्यांना ओळंबा आहे, गुण्या आहे, ठिय्या आहे, थापी आहे. शब्द आहे म्हणून त्या गोष्टीवर भांडताही येतं. टोपणावरच्या त्या दोन रेघांना आमच्या तिघांपैकी कुणाकडेच नाव नव्हतं. प्लंबर त्यांना "आ लाइन" म्हणायचा, टाइलवाला "वो निशान".

मग मी घरातला सगळ्यात जुना उपाय केला. आमच्या गवंडीकाकांना फोन लावला. काका सत्तरीला टेकलेले, आता काम करत नाहीत, मुलगा करतो. पण सासऱ्यांच्या वेळेपासूनचे, त्यामुळे सासूबाईंनी बोलावलंय म्हटल्यावर आले. मी सांगितलं, प्लंबर धड बसवेल त्या दिवशीच मला टाइलचं तोंड कुठे येणार ते भिंतीवर दिसायला हवं. टाइल लागायच्या आधी.

काकांनी काही विचारलं नाही. ओळंबा काढला. भिंतीच्या वरच्या टोकाला दोरा धरला, खालचा शंकू हलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि पट्टी लावली. सात फुटांत चौदा मिलिमीटरचा फरक. भिंत खाली आत गेलेली. म्हणजे ती सरळ करायला वरच्या बाजूला आठ मिलिमीटर गिलावा पुरणार होता आणि तळाशी बावीस लागणार होता. डायव्हर्टरच्या उंचीवर सोळाच्या आसपास. त्यावर टाइल चिकटवायचा लेप पाच, टाइल स्वतः नऊ. विटेपासून टाइलच्या तोंडापर्यंत तीस मिलिमीटर.

आता पुढचं बघण्यासारखं होतं. काकांनी मुलाकडून मूठभर माल कालवून घेतला, उरलेल्या टाइलचे बोटभर तुकडे घेतले आणि डायव्हर्टरच्या खाचेच्या डावीकडे एक, उजवीकडे एक असे दोन ठिय्ये, म्हणजे जाडीच्या खुणा, भिंतीवर चिकटवले. प्रत्येक तुकडा आत-बाहेर दाबून त्याचं तोंड विटेपासून बरोबर तीस मिलिमीटरवर आणलं. मग एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर दोरी ताणली, दोन खिळ्यांना पक्की बांधली आणि बोटानं छेडली. टण्ण झाली.

"ही तुझी भिंत," काका म्हणाले.

खाचेच्या तोंडावरून हवेत एक पांढरी दोरी चालली होती आणि तिच्या मागे प्लंबरनं सवयीनं बसवलेलं धड. आम्ही चौघं वाकून बघत होतो. दोरी टोपणावरच्या बाहेरच्या रेघेच्याही चार मिलिमीटर पुढून जात होती. पुन्हा तेच. पुन्हा खोल.

प्लंबरनं दोरीकडे पाहिलं, टोपणाकडे पाहिलं, कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून आकृती पाहिली. दोन रेघांमधलं अंतर पंचवीस मिलिमीटर होतं. तो खाली बसला, धड सोडवलं, मागे मालाचा थर आणि टाइलची एक चीप भरली, पुन्हा बसवलं, लेव्हल ठेवून चारी बाजूंनी सरळ केलं, आणि दोरी दोन रेघांच्या बरोबर मधे आणून थांबला. एकूण साडेसोळा मिलिमीटर बाहेर. त्या दिवशी त्याच्या तोंडून एकदाही थई जशे आलं नाही.

उंचीच्या बाबतीतही अशीच गंमत होणार होती. त्यानं चौतीस इंच मोजले ते खोदलेल्या जमिनीपासून. पण वॉटरप्रूफिंग, त्यावरचा माल आणि टाइल मिळून जमीन तीन इंच वर येणार होती. काकांनी पाण्याची नळी, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं, ती धरून चारी भिंतींवर तयार जमिनीपासून एक मीटरची रेघ मारली आणि सगळ्यांना सांगितलं, आता काय मोजायचं ते हिच्यापासून मोजा, जमिनीकडे बघू नका.

भिंत बुजवायच्या आधी दाब द्यायचा. बरेच जण टाकीचं पाणी सोडून बघतात आणि कुठे थेंब नाही ना, मग बुजवा म्हणतात. अर्ध्या किलोच्या दाबावर थेंब येणारच नाही. तो दोन वर्षांनी येतो, टाइलच्या मागे. आम्ही हातपंप भाड्यानं आणला, सगळी तोंडं प्लगनं बंद केली आणि काटा सहा किलोवर नेला. प्रत्येक जोडावर टिश्यूपेपर गुंडाळून ठेवला, ही युक्ती मात्र प्लंबरचीच. कागद ओला झाला की डोळ्यांना लगेच दिसतं.

सकाळी काटा साडेपाचच्याही खाली. गार पाण्याच्या बाजूचा, धडात शिरणाऱ्या पितळी आट्यांजवळचा कागद राखाडी होऊन चिकटला होता. प्लंबरनं तो जोड कापून काढला. सीपीव्हीसी एकदा सोल्यूशननं चिकटला की उघडत नाही, चार इंच पाइप वाया. आटे सोडवले आणि गळू नये म्हणून त्यांवर गुंडाळतात ते टेफ्लॉन बघितलं. ते उलटं गुंडाळलं होतं. टेफ्लॉन आटे आवळायच्या दिशेनंच गुंडाळायचं असतं. उलटं गुंडाळलं तर आवळताना ते सुटत जातं आणि गोळा होऊन बाहेर येतं. त्यानं पोऱ्याकडे पाहिलं. पोऱ्यानं छताकडे पाहिलं.

नवीन जोड, पुन्हा एक दिवस थांबणं, पुन्हा सहा किलो. या वेळी काटा हलला नाही, कागद सगळे पांढरे. मग धडातून भरपूर पाणी सोडून लाइन धुतली. पाइप कापताना आत पडलेला भुसा आणि वाळूचा एखादा कण कार्ट्रिजच्या चकत्यांमध्ये गेला की तिथे ओरखडा, आणि मग आयुष्यभराचं टपटप. जमिनीतून पाणी मुरत नाही ना ते बघायला बाथरूम तीन दिवस पाण्यानं भरून ठेवलं.

बुजवायच्या आधी मी एक काम केलं, ज्याची ह्यांनी भरपूर थट्टा केली. उघड्या पाइपांच्या शेजारी टेप धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढले. कोपऱ्यापासून किती, रेघेपासून किती, सगळं वाचता येईल असे. स्टुडिओत जाऊन छापून आणले आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत, घरपट्टीच्या पावत्यांशेजारी लावले. पंधराच दिवसांनी सासूबाईंचा पकडायचा दांडा लावायला माणूस आला, ड्रिल हातात, टाइलवर पेन्सिलची खूण करून तयार. मी फाइल उघडली. त्याची वरची खूण नेमकी गरम पाण्याच्या पाइपावर होती. दांडा चार इंच डावीकडे सरकला. ह्यांनी त्यानंतर फोटोंचा विषय काढलेला नाही.

टाइलवाल्याला दोरी आधीच दाखवून ठेवली होती. त्याला ती एवढी आवडली, की त्यानं मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि "ये सही है" म्हणत पुढच्या साइटवर घेऊन गेला. टाइल लागली, टोपणाच्या दोन्ही रेघांच्या मधे तिचं तोंड आलं, एखादा मिलिमीटर इकडेतिकडे. शेवटच्या दिवशी प्लंबरनं तबकडी बसवली, मागून सिलिकॉनची बारीक कड दिली, खालच्या बाजूला एक इंच मोकळी सोडून. चुकून आत पाणी गेलंच तर ते त्याच वाटेनं बाहेर येईल, भिंतीत मुरणार नाही. सिलिकॉन द्यायच्या आधी मी त्याच्याकडून त्याचं कार्ड मागून घेतलं होतं आणि तबकडीच्या मागे सरकवून पाहिलं होतं. कार्ड शिरलं नाही. कोपरा दुमडला.

आणखी एक जुनी चूक या निमित्तानं सुधारली. जुन्या डायव्हर्टरला गरम-गार लाइनी उलट्या जोडलेल्या होत्या. गरम डावीकडे हवं, आमच्याकडे ते उजवीकडे होतं. अकरा वर्षांत आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की तक्रार फक्त पाहुणे करायचे. या वेळी डाव्या तोंडाला गरम, उजव्याला गार, मी स्वतः गिझरच्या पाइपावर हात ठेवून तपासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली अंघोळ सासूबाईंची. हँडशॉवर कसा धरायचा ते मी दाखवलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि बादली आत न्यायला सांगितली. स्टुलावर बसल्या, दांड्याला हात लावून पाहिला, मला बाहेर जायला सांगून दार लोटलं. मी पॅसेजमध्ये उभी. चकली उघडल्याचा आवाज, पाणी बादलीच्या तळावर पडल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग आतून, "अगं, हे पाणी गारच येतंय! तुझा गिझर लागला नाही वाटतं."

"लागलाय, आई. आता गरम डावीकडे आहे."

"डावीकडे कसं? आपल्याकडे उजवीकडे असतं."

"ते उलटं लागलं होतं. आता बरोबर केलंय."

दांडी फिरवल्याचा आवाज आला. पाण्याची धार थोडी मंदावली, पुन्हा वाढली. तांब्या बादलीच्या कडेला वाजला.

"कुणी सांगितलं होतं बरोबर करायला?"